मृत्यूची नोंद शोधताय? आधी ठिकाण आणि साल नक्की करा

‘आजोबांचं नाव टाकलं, गावाचं नाव टाकलं, तरी इंटरनेटवर काहीच दिसत नाही. म्हणजे नोंदच झाली नव्हती का?’ जालना जिल्ह्यातल्या वाचकांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. २०२५ मध्ये महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली. सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांची नावे काढून वारसांची नावे लावायची, असा तिचा हेतू होता. चावडीवर मयत खातेदारांच्या याद्या वाचल्या गेल्या आणि वारसांकडे मृत्यूचा दाखला मागितला गेला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा दाखला कुठून आणायचा, हे मात्र कुणी नीट सांगितले नाही. विमा, बँकेतली ठेव, निवृत्तिवेतन, घराची नोंद अशी कारणे वेगवेगळी असली, तरी अडचण इथेच येते.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंटरनेटवर नाव सापडले नाही, याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. मृत्यूची नोंद नावावरून सापडत नाही, ती ठिकाण आणि साल यांवरून सापडते. हे दोन धागे हातात आले की पुढचे काम बरेच सोपे होते.

नाव टाकून शोधता येईल अशी जाहीर यादी नाही

कुणीही नाव टाकावे आणि मृत्यूची तारीख पाहावी, अशी जाहीर सूची काही परदेशांत मिळते. भारतात तशी सूची नाही. केंद्र सरकारच्या महानिबंधकांचे नागरी नोंदणी पोर्टल आहे, त्याला सगळे ‘सीआरएस’ म्हणतात. पत्ता ‘डीसी डॉट सीआरएसओआरजीआय डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. २०२४ मध्ये त्याचे मोबाइल ॲपही आले. या पोर्टलवर खाते उघडून घरी झालेल्या मृत्यूची माहिती कळवता येते, अर्जाचे काय झाले ते पाहता येते. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड तपासून ते खरे आहे का, याची खात्रीही करता येते. पण शेजाऱ्याचे किंवा पणजोबांचे नाव टाकून शोध घेण्याची सोय तिथे नाही.

ऑनलाइन नोंदी आहेत त्या साधारण गेल्या दहा वर्षांतल्या. त्याआधीच्या नोंदी आजही ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या कपाटातल्या नोंदवह्यांतच आहेत. तिथे जावेच लागते, किंवा कुणाला तरी पाठवावे लागते.

सर्वांत मोठी चूक: राहत्या गावी शोधणे

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा नियम साधा आहे. मृत्यू जिथे झाला, तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. माणूस कुठला रहिवासी होता, अंत्यविधी कुठे झाला, जमीन कुठे आहे, याचा नोंदीच्या ठिकाणाशी संबंध नसतो. आपल्या जिल्ह्यात निम्म्याहून जास्त धावपळ याच एका गैरसमजामुळे होते, असे मला वाटते. घनसावंगीच्या ग्रामपंचायतीत महिनाभर खेटे घालायचे आणि नोंद निघायची छत्रपती संभाजीनगरला, असे सहज घडते.

म्हणून घरातल्या जाणत्यांना आधी हे विचारा:

- शेवटचा श्वास घरी घेतला की दवाखान्यात? जालन्यातला गंभीर रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा तिथल्या खासगी दवाखान्यात नेण्याची रीत जुनी आहे. मृत्यू तिथे झाला असेल तर नोंद त्या शहरातच आहे. घाटीत असेल तर आधी रुग्णालयाच्या जन्म-मृत्यू विभागात विचारा, नाही तर तिथल्या महापालिकेत.
- ऊसतोडीला गेले असताना मृत्यू झाला का? अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतली कुटुंबे हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नोंद कारखान्याच्या भागातल्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात सापडेल. कर्नाटकात जन्म-मृत्यू नोंदणीची ‘ई-जन्म’ नावाची स्वतंत्र व्यवस्था आहे. मुकादमाला किंवा टोळीतल्या सोबत्यांना विचारलेत तर गावाचे नाव मिळते.
- लेक माहेरी आली होती का? बाळंतपणाला किंवा आजारपणात माहेरी आलेल्या बाईच्या मृत्यूची नोंद माहेरच्या गावी असते. सासरचे लोक ती सासरच्या गावात शोधत बसतात.
- अपघात होता का? समृद्धी महामार्गावरचा असो वा दुसऱ्या रस्त्यावरचा, शवविच्छेदन कोणत्या रुग्णालयात झाले आणि गुन्हा किंवा अकस्मात मृत्यूची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात आहे, ते काढा. तिथून नोंदणीचे ठिकाण कळते. धावत्या वाहनात मृत्यू झाला असेल, तर वाहन पहिल्यांदा जिथे थांबले तिथे नोंद व्हावी असा नियम आहे.
- परदेशात मृत्यू झाला का? आखाती देशात कामाला गेलेल्या भारतीय नागरिकाच्या मृत्यूची नोंद त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात होते. गावच्या ग्रामपंचायतीत ती होत नाही.

दाखल्यावर ‘मृत्यूचे ठिकाण’ आणि ‘मृताचा कायमचा पत्ता’ असे दोन वेगळे रकाने असतात. त्यामुळे संभाजीनगरच्या दाखल्यावर जाफराबाद तालुक्यातल्या गावाचा पत्ता असू शकतो, आणि असा दाखला तलाठ्याला, बँकेला, विमा कंपनीला पूर्णपणे चालतो. गावचाच दाखला आणा, असे कुणी म्हणाले तर त्याला कायद्याचा आधार नाही.

गाव, पालिका, तालुका: कोणाच्या दारात जायचे

खेड्यात ग्रामसेवक हेच निबंधक असतात. आता या पदाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणतात. जालना शहरात महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग आहे. २०२३ पर्यंत इथे नगरपरिषद होती, त्यामुळे जुन्या दाखल्यावर नगरपरिषदेचा शिक्का असेल तर गोंधळू नका. इतर शहरांत नगरपरिषद किंवा नगरपंचायत हे काम पाहते. जिल्हा पातळीवर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी हे जिल्हा निबंधक असतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आले आणि परतूर परभणीतून. बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके त्यानंतरचे. म्हणून जुनी नोंद शोधताना आजच्या तालुक्यावर थांबू नका. मंठ्याच्या गावाची जुनी कागदपत्रे परतूरच्या तहसीलमध्ये असू शकतात, आणि १९८१ च्या आधीची जिल्हा पातळीवरची कागदपत्रे परभणीला. घनसावंगीच्या गावासाठी अंबडच्या अभिलेख कक्षात चौकशी करावी लागते. गटग्रामपंचायत फुटून स्वतंत्र ग्रामपंचायत झाली असेल, तर फुटण्याआधीच्या वह्या मूळ ग्रामपंचायतीकडे राहिलेल्या असतात. हे विचारायचे बहुतेक जण विसरतात.

१९७० च्या आधीचा मृत्यू असेल तर

महाराष्ट्रात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी सगळीकडे सारख्या नाहीत. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले, त्यामुळे जुने कागद उर्दूत सापडतात आणि काही मोडीत. तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेखागार आणि निजामकालीन दप्तरासाठी हैदराबादचे तेलंगण राज्य पुराभिलेखागार, या क्रमाने शोध घ्या.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर, २०२३ मध्ये, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातले जुने दप्तर धुंडाळले. त्या निमित्ताने महसुली, शालेय आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या बाहेर निघाल्या, त्यांची पाने स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय ठेवली गेली. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी तुमच्या गावाच्या फाइली उघडून बघाच. एखाद्या पानावर पणजोबांचे नाव आणि साल मिळून जाते. वाचता येत नसेल तर मोडी किंवा उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजाने अर्थ लावू नका.

जालन्याला पूर्वी मद्रास सैन्याची छावणी होती, आणि मिशनरी नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या दफन नोंदवह्यांचा चांगला आधार मिळतो. छावणीतल्या युरोपीय लोकांच्या दफनाच्या नोंदी मद्रास इलाख्याच्या चर्च विवरणांत आहेत आणि ती विवरणे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एवढ्या एका बाबतीत मात्र नावावरून ऑनलाइन शोध खरोखर होतो. तो घेताना जालन्याचे जुने रोमन स्पेलिंग वापरा: जे, ए, यू, एल, एन, ए, एच.

साल आठवत नसेल तर

ग्रामपंचायतीत वर्षावर्षाची वही असते आणि नोंदी तारखेच्या क्रमाने असतात. नावांची अनुक्रमणिका क्वचितच मिळते. ‘साधारण सत्तर-पंच्याऐंशीच्या दरम्यान’ असे सांगितलेत, तर पंधरा वह्या कुणी चाळणार नाही. शोधशुल्कही वर्षागणिक लागते. म्हणून आधी घरच्या घरी साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात आणा. हे काम कंटाळवाणे आहे, पण शोध लागतो तो इथेच.

- मतदार यादी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर याद्या गावनिहाय मिळतात. यादीला जोडलेल्या पुरवणीत वगळलेली नावे असतात आणि वगळण्याच्या कारणाचे अक्षर असते. मयत मतदारासाठी रोमन ‘ई’ हे अक्षर असते. एका वर्षी नाव आहे आणि पुढच्या यादीत वगळले आहे, तर मधला काळ सापडला.
- फेरफार. आजोबांच्या नावावरून चुलत्याचे नाव लागले असेल, तर त्या वारस फेरफारात मृत्यूची तारीख बहुधा लिहिलेली असते. जुना फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. तलाठ्यांना आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात.
- सोसायटी आणि बँक. विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जखात्यात कर्जदार मयत झाल्याची नोंद असते.
- नोकरीचे कागद. एस.टी., शाळा, साखर कारखाना, रेल्वे यांपैकी कुठे नोकरी असेल, तर सेवापुस्तक आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे आदेश पाहा.
- निधनवार्ता आणि पत्रिका. दशक्रियेची, वर्षश्राद्धाची पत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण, देवघरातल्या तसबिरीमागे लिहिलेली तारीख. कायद्यापुढे हे पुरेसे पुरावे नाहीत, पण वही कोणती उघडायची ते यावरून ठरते.
- तिथी. ‘पितृपक्षातल्या अष्टमीला पान असते’ एवढेच माहीत असेल तर तीही खूण आहे. ती मृत्यूची तिथी सांगते, महिना सांगत नाही. ‘पोळ्यानंतर चार दिवसांनी’ अशी घरातली आठवण तिला जोडा, आणि जुन्या पंचांगातून त्या वर्षाची इंग्रजी तारीख काढा.

अर्जात काय लिहायचे

ग्रामपंचायतीत किंवा तिथल्या आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज द्या. ‘महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट’ या ॲपवरूनही ग्रामपंचायतीच्या दाखल्यांसाठी अर्ज करता येतो, मात्र ज्या ग्रामपंचायतीचे दप्तर त्यावर आहे तिथेच त्याचा उपयोग. अर्जात या गोष्टी हव्यात: मृताचे पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, मृत्यूचे ठिकाण, तारीख किंवा वर्षांचा टप्पा, तुमचे नाते आणि दाखला कशासाठी हवा.

नाव एकाच प्रकारे देऊ नका. आपल्याकडे वहीत नाव लिहिणारा सांगेल तसे लिहीत असे. सखाराम कुठे ‘सखाहरी’ होतात, कौशल्याबाई ‘कौसाबाई’ होतात, आडनावाऐवजी ‘पाटील’ येते आणि कित्येक स्त्रियांची नोंद नुसती ‘अमक्याची बायको’ अशी असते. माहीत असलेली सगळी रूपे अर्जातच लिहा. शक्य असेल तर स्वतः समोर बसून पाने पाहण्याची विनंती करा. ओळखीचे नाव घरच्या माणसाच्या डोळ्यांना लवकर दिसते.

अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारणेला कसलाही पुरावा राहत नाही, आणि ‘नोंद नाही’ हे तोंडी उत्तर तर मुळीच स्वीकारू नका. नोंद नसेल तर नमुना क्रमांक १० मध्ये नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला मिळतो. तो मागा. पुढची सगळी वाट त्या कागदावरून जाते.

नोंद सापडली, पण नाव चुकले आहे

कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधकाला दुरुस्ती करता येते. मूळ नोंद खोडली जात नाही, बाजूला समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकली जाते. लेखनातली किरकोळ चूक असेल तर काम सोपे असते. मुळातच चुकीची माहिती लिहिली गेली असेल, तर प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन आणि पुरावे लागतात. आधार कार्ड, सातबारा, शाळेचा दाखला यांवरचे नाव आधी ताडून पाहा आणि सगळ्या दुरुस्त्या एकदमच मागा.

नोंद झालीच नसेल तर

उशीर किती झाला त्यावर मार्ग ठरतो:

1. मृत्यूपासून २१ दिवसांत नोंद विनाशुल्क.
2. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून.
3. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची किंवा नियमांनी ठरवलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी.
4. एक वर्षानंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश.

चौथा टप्पा नीट समजून घ्या, कारण जुन्या मृत्यूंसाठी तोच लागतो. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी हा आदेश न्यायालयातल्या दंडाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागे. दुरुस्तीनंतर तो महसुली अधिकाऱ्यांकडे आला. पुढे राज्यात खोट्या कागदांवर दाखले मिळवल्याच्या तक्रारी झाल्या आणि मार्च २०२५ मध्ये शासनाने कार्यपद्धती कडक केली. आता कागदपत्रांची छाननी होते, पोलिसांचा अभिप्राय मागवला जातो आणि खोटे पुरावे दिल्यास गुन्हा दाखल होतो. ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश मागे घेण्याच्या सूचनाही निघाल्या. तुमच्या हातातला दाखला अशा आदेशावर निघाला असेल, तर तो पुढे वापरण्याआधी तहसील कार्यालयात खात्री करून घ्या.

अर्जासोबत नमुना १० चा दाखला, दवाखान्याचे कागद, स्मशानभूमीची किंवा कब्रस्तानची पावती, पोलीस पंचनामा, जुना फेरफार, मृताची आणि तुमची ओळखपत्रे, असे जे हाती असेल ते जोडा. काही नसेल तर तसे प्रामाणिकपणे लिहा. नसलेली पावती ‘करून देणारा’ माणूस तहसीलच्या आवारात भेटतो. त्याच्या नादी लागलात तर खरा मृत्यूसुद्धा खोटा ठरतो.

पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध

‘भारतातील मृत्यू नोंदी, नाव टाका, लगेच पाहा’ अशा जाहिराती दिसतात. पैसे घेतात, हाती काही देत नाहीत, वर तुमची आणि मृताची आधार माहिती घेऊन जातात. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी बनावट संकेतस्थळेही आहेत. त्यांवरून निघालेला दाखला छापील दिसतो, पण मूळ नोंदच नसते. पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे का, ते पाहा. दाखला हाती आल्यावर त्यावरचा क्यूआर कोड उघडून कोणत्या संकेतस्थळावर नेतो, तेही तपासा.

तुमचे हक्क

- कलम १७ नुसार कुणीही नोंदवहीत शोध घेण्याची मागणी करू शकतो आणि शुल्क भरून नोंदीचा उतारा मागू शकतो. सख्खा वारसच हवा असे बंधन नाही.
- उताऱ्यात मृत्यूचे कारण लिहिले जात नाही. कायद्यानेच ते मना केले आहे. विमा कंपनी कारण विचारत असेल तर दवाखान्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा शवविच्छेदन अहवाल द्या. २०२३ पासून दवाखान्याने कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य द्यायची आहे.
- नवी नोंद केल्यावर माहिती देणाऱ्याला सात दिवसांत पहिले प्रमाणपत्र विनामूल्य मिळाले पाहिजे.
- निबंधकाच्या कृतीविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकांकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, अपील करता येते. त्यांनी ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.
- मृत्यूचा दाखला देणे ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालची सेवा आहे. मुदत आणि अपील अधिकाऱ्यांची नावे कार्यालयातल्या फलकावर असली पाहिजेत. फलक नसेल तर तेही अर्जात लिहा.

दाखला मिळाला म्हणजे वारसा सिद्ध झाला असे नाही. तो फक्त मृत्यू सिद्ध करतो. शेतजमिनीसाठी वारसांनी मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. ‘ई-हक्क’ प्रणालीतून हा अर्ज घरबसल्याही करता येतो.

माणूस बेपत्ताच असेल तर

वारीला गेलेले, कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेले आणि परत न आलेले लोक अनेक घरांत आहेत. अशा माणसाच्या मृत्यूची नोंद कुठल्याच वहीत सापडणार नाही. सात वर्षे त्याची काहीच खबर नसेल, तर दिवाणी न्यायालयाकडून त्याला मृत मानल्याची घोषणा मागता येते. पोलीस ठाण्यातली हरवल्याची तक्रार हा त्याचा पहिला पुरावा आहे. ती आजवर दिली नसेल तर आजच द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जालन्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.